दक्षिणद्वाराचे घर

बेळगावहून संकेश्वर, चिकोडी करीत कृष्णाकाठी जाणारा रस्ता माझ्या बालपणापासूनच्या परिचयाचा. चिकोडी सोडल्यावर माळरान संपते, रस्ता हळूहळू उतरू लागतो, मुरमाड जमीन मागे पडून काळीभोर माती दिसू लागते आणि दोन्ही बाजूंना ऊस इतका दाटतो की, अंकलीच्या पुलापाशी पोचेपर्यंत नदी जवळ आल्याचे कळतही नाही. आजोळी जाताना हा उतार लागला की आम्हा मुलांना हुरूप येई. २०१९ च्या दसऱ्यानंतर याच उताराला लागलो तेव्हा मात्र मन धास्तावलेले होते. उसाच्या शेंड्यांत गवत आणि चिंध्या अडकून राहिल्या होत्या. शाळेच्या भिंतीवर, बसथांब्याच्या निवाऱ्यावर, विजेच्या खांबांवर गाळाची एक सरळ रेघ उमटली होती. त्या ऑगस्टात कृष्णा कोठवर आली होती, हे कोणाला विचारावे लागत नव्हते.

मामींचा निरोप दोनच शब्दांचा होता : "घर बसलं." आमच्याकडे मातीचे घर पडले असे सहसा कोणी म्हणत नाही, बसले म्हणतात. हा शब्द किती नेमका आहे, हे मला त्या खेपेस समजले. पुराचे पाणी छातीइतके चढले, पाच दिवस राहिले, तरी घर उभे होते. पाणी ओसरले, ऊन पडले, मामी शाळेतल्या छावणीतून परत आल्या आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी भर दुपारी मागची भिंत जागच्या जागी खाली बसली. तिच्याबरोबर माळवदही आले. मामी त्या वेळी परसात गाळ उपसत होत्या, म्हणूनच केवळ वाचल्या. घटकाभर आधी त्या माजघरात देवांची भांडी आवरीत होत्या.

"पाण्यानं नाही पाडलं बाळा," त्या मला म्हणाल्या, "पाणी गेल्यावर पडलं. असं कसं झालं, ते तेवढं कुणीतरी सांगा मला."

त्यांच्या या प्रश्नासाठीच पुढचे दोन दिवस मी गावातल्या एका वृद्ध गवंड्याबरोबर हिंडलो. गाव निम्मे उभे आणि निम्मे बसलेले होते. आपल्या जुन्या गावरहाटीत शेताला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणतात. मामींच्या गावची जुनी वस्तीही उंचवट्यावरच्या पांढरीवर होती, आणि त्याच पांढऱ्या मातीचा चिखल तुडवून दोन-दोन हात रुंदीच्या भिंती घातलेल्या. ही माती उन्हाळ्यात गारवा देते, हिवाळ्यात ऊब देते आणि वरून पडणारा पाऊस, माळवदाची पन्हाळी नीट असेल तर, शंभर वर्षे सोसते. परंतु तिच्यात बळ असते ते कोरडेपणाचे. भाजलेल्या विटेतले कण आगीने एकमेकांना चिकटवून टाकलेले असतात. कच्च्या मातीतले कण केवळ सुकल्यामुळे एकत्र राहिलेले असतात. बुडापासून पाणी मुरले की त्यांची परस्परांवरची पकड सुटते.

मग घर पाण्यातच का बसले नाही? त्याचे उत्तर त्या गवंड्याने दिले. आत आणि बाहेर पाणी सारखेच होते, तोवर दोन्हीकडून भिंतीला आधार होता. पाणी उतरले तसा तो आधार गेला. राहिली ती पाणी पिऊन जड झालेली, बुडाशी मऊ पडलेली भिंत. तिच्या डोक्यावर माळवदाची माती, तीही पावसाने भिजून अधिक ओझ्याची झालेली. ऊन पडले तेव्हा बाहेरचा पापुद्रा सुकून आवळला, आतला गाभा ओलाच राहिला, आणि भिंतीला उभ्या भेगा गेल्या. पूर ओसरल्यानंतरचे आठ-दहा दिवस मातीच्या घरात कोणी निजू नये, असे जुनी माणसे सांगत. ते अनुभवाचे बोल होते.

आणखी एक गोष्ट त्याने दाखविली, ती मला नवी होती. ज्या घरांना मालकांनी गेल्या काही वर्षांत हौसेने सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, त्यांतलीही पुष्कळ घरे बसली होती. वरून पक्के दिसावे म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचे कवच चढविले. पाणी पायातून आत शिरले ते शिरलेच, पण बाहेर पडायला त्याला वाट राहिली नाही. एके ठिकाणी गिलाव्याचा पत्रा तसाच उभा आणि त्यामागची माती खाली सांडलेली, असे चित्र पाहिले. गवंडी म्हणाला, "दादा, भिंतीला रेनकोट घातला हो, पण पाय पाण्यातच की."

घरी मात्र निराळाच वाद पेटला होता. राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घरांसाठी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली होती. मामेभावाचे म्हणणे असे की, त्यात भर घालून खाली-वर सगळे काँक्रीटचे घर बांधावे, दारे-खिडक्यांना रबर लावून बंदोबस्त करावा, म्हणजे पाणी आत येण्याचा प्रश्नच उरणार नाही. नाहीतर माळावर जागा घेऊन गावच सोडावे. मामींना माळावर जायचे नव्हते. "ज्या उंबऱ्यातून मी आत आले, तो उंबरा ठेवा. वर काय बांधायचं ते बांधा," एवढेच त्या म्हणत. माझे मत दोघांनीही मागितले आणि माझ्यापाशी ते नव्हते. तेव्हा मामींनीच सुचविले, "आधी वाडीला जाऊन येऊ. पुरात देवाला भेटायचं राहून गेलं."

अशा रीतीने आम्ही चौघे, मामी, मामेभाऊ, गवंडी आणि मी, नृसिंहवाडीला गेलो. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरचे हे दत्तस्थान वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. श्रीनृसिंहसरस्वतींच्या मनोहर पादुका तेथे आहेत, आणि पावसाळ्यात नदी वाढली की पाणी मंदिराच्या उत्तर दाराने आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या वेळी स्नानासाठी दुरून माणसे येतात. पाणी आणखी चढू लागले की उत्सवमूर्ती वर हलवितात, आणि पूर उतरला की ग्रामस्थ गाळ काढून मंदिर धुऊन घेतात. वर्षानुवर्षे हे असेच चालू आहे.

त्या दिवशी घाटाच्या दगडांच्या सांध्यांत अजून गाळ होता. मामी पादुकांपुढे हात जोडून उभ्या होत्या. गवंडी मात्र दाराच्या दगडी चौकटीवरून हात फिरवीत होता. त्याने मामेभावाला विचारले, "धाकले धनी, देवाच्या दाराला रबर कुठं हाय?" आम्ही हसलो; पण परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही. पाणी अडविण्याची एकही खटपट तेथे केलेली नाही. पाण्याला एका बाजूने वाट दिली आहे, दुसऱ्या बाजूने निरोप दिला आहे, आणि मध्ये जे आहे ते भिजून न बिघडणारे आहे. घराचे सूत्र याहून निराळे काय असणार?

वाडीहून कुरुंदवाडमार्गे आम्ही खिद्रापूरला गेलो. शिलाहारांच्या काळातील, बाराव्या शतकातले कोपेश्वराचे मंदिर कृष्णेच्या वळणात उभे आहे. स्वर्गमंडपाचे छत मधोमध वर्तुळाकार उघडे. पाऊस थेट आतल्या शिळेवर पडतो. घडीव काळे दगड एकमेकांवर असे बसविलेले आहेत की सांध्यांत चुनाही भरावा लागलेला नाही. जेथे विरघळण्यासारखे काही घातलेच नाही, तेथे पुराने न्यावे तरी काय! अर्थात असे दगडकाम आज कोणाला परवडणार? तथापि कोणती वस्तू पाण्यापाशी टिकते, याचा धडा तेथे मिळतो.

मामेभाऊ शिकलेला आहे; त्याला आकडे हवे होते. ते आम्ही त्याच रात्री मांडले. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो. दारे-खिडक्या घट्ट बंद करून बाहेर १ मीटर पाणी उभे राहिले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोंचा आडवा रेटा येतो. पाणी २ मीटर झाले की रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो, म्हणजे २००० किलो. साधी विटेची भिंत वरचे ओझे पेलण्यासाठी असते. असा आडवा रेटा सोसण्यासाठी नसते. आत पाणी येऊ दिले, तर दोन्हीकडचा रेटा एकमेकाला तोलतो. घोट्याएवढ्या, गुडघ्याएवढ्या पाण्याला दाराशी थोपविणे ठीक; पण मांडीच्या वर पाणी चढणार असेल, तर त्याला आत घेणे हेच शहाणपणाचे. मामेभावाने कागद दोनदा पाहिला आणि रबराचा विषय पुन्हा काढला नाही.

मग घर ठरले ते पायापासून. काळी माती पाणी पिऊन फुगते, सुकली की आक्रसते, आणि तिच्यावर उभे केलेले घर दरवर्षी थोडे उचलले जाऊन थोडे खाली बसते. भुईत खोलवर जाऊन तळाशी फुगीर होणारे खांब अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने प्रचारात आणले आहेत. मामींची जागा पांढरीच्या कडेला होती, म्हणून तेवढे करावे लागले नाही. काळा थर संपून मुरूम लागेपर्यंत चर खणला, काळ्या दगडाचे बांधकाम सिमेंटात करून वर आणले आणि जोते पूर्वीपेक्षा ३ फूट उंच घेतले. भराव मुरमाचा, थराथराने पाणी मारून ठोकलेला. वाहते पाणी कोपऱ्यांशी माती उकरते, म्हणून चारी बाजूंना दगडांची उतरती फरसबंदी केली.

जोत्यावर खिडकीच्या तळापर्यंत दगडच ठेवला. पडक्या घराच्या पायातले आणि चौकातले बरेच दगड कामी आले. जोत्याशी, खिडकीच्या तळाशी आणि दाराच्या माथ्याशी असे तीन काँक्रीटचे पट्टे घरभर फिरविले, म्हणजे एक कोपरा खचला तरी बाकीच्या भिंती त्याला धरून ठेवतील. त्याच्यावर काय घालावे, याचा मात्र बराच खल झाला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान विकसित करणारा 'अस्त्र' हा विभाग निघाला. वाळूमिश्रित मातीत सुमारे ७ टक्के सिमेंट घालून यंत्राने दाबलेल्या विटांवर तेथे पुष्कळ काम झाले आहे. त्या भिजून विरघळत नाहीत; मात्र ओल्या असताना त्यांचे बळ कोरड्याच्या मानाने बरेच उतरते, म्हणून हिशेब ओल्या बळाचाच धरावा लागतो. शिवाय नदीकाठच्या काळ्या मातीला हा उपाय लागू पडत नाही. म्हणून आम्ही भाजलेली वीट घेतली.

वीट पारखण्याची एक रीत वाचकांनीही लक्षात ठेवावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा, ही जुनी खूण. दुसरी अशी की, कोरडी वीट तोलून रात्रंदिवस पाण्यात ठेवावी आणि पुन्हा तोलावी. वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक पाणी ती प्यायली असेल, तर परत पाठवावी. तीन किलोंची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर जाता कामा नये. आमच्या पहिल्या गाडीतल्या विटा मामींनी स्वतः बादलीत घातल्या होत्या. गाडी परत गेली.

गिलाव्याच्या बाबतीत गवंडी हटून बसला. आतून चुनाच हवा, म्हणाला. चुन्यात विटेची पूड, म्हणजे सुरकी, कालवली की तो ओलीतही घट्ट होतो. म्हैसूर संस्थानात १९११ साली काम सुरू झालेले कृष्णराजसागर धरण अशाच सुरकी-चुन्यात बांधलेले आहे. चुन्याचा गिलावा पाणी पितो, पण प्यायलेले पाणी परत सोडतो. भिंत वाळते, लोणा धरला तरी खरवडून पुन्हा हात देता येतो. चकचकीत रंगाला त्याने साफ नकार दिला, कारण रंगाचा पापुद्राही शेवटी रेनकोटच.

जमिनीला शहाबादी फरशी घातली, तिचा उतार दाराकडे ठेवला. खाली कोठेही प्लायवूड, भुश्शाचे फळे किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस येऊ दिले नाही. या वस्तू एका पुराच्याच सोबती. खालच्या कपाटांऐवजी भिंतीत दगडी फडताळे केली. चौकटी जुन्या सागवानाच्या होत्या, त्याच धुऊन, तेल पाजून परत बसविल्या. विजेच्या तारा वरून खाली आणल्या आणि बटणे गाळाच्या रेघेच्या वर घेतली. माळवद मात्र गेले. त्याची माती जितकी भिजते तितकी माणसाच्या जिवावर उठते, हे पाहिल्यावर त्याचा मोह धरण्यात अर्थ नव्हता. त्या जागी काँक्रीटची गच्ची आणि बाहेरून जिना आला, म्हणजे रात्री-अपरात्री चढून जाता यावे.

आणि दारे दोन, समोरासमोर. पुढचे नदीच्या अंगाला, मागचे परसात. मामींनी गवंड्याला एवढेच सांगितले, "वाडीसारखं कर." जुना उंबरा पुढच्या दारी बसला.

घर २०२१ च्या अक्षय्यतृतीयेपर्यंत कसेबसे पुरे झाले आणि जुलै अखेरीस कृष्णा पुन्हा आली. मामींना आधीच बेळगावला आणून ठेवले होते. उंच घेतलेल्या जोत्यावरही घरात मांडीभर पाणी झाले, तीन दिवस राहिले आणि मागच्या दाराने गेले. मामेभावाने निघण्यापूर्वी दोन्ही दारे उघडी टाकली होती. घराला कुलूप न लावता गाव सोडणे त्याला किती जड गेले असेल, याची कल्पना करावी. परतल्यावर गाळ ओला असतानाच उपसला, कारण वाळलेला गाळ दगडासारखा होतो. फरशी धुतली, दारे-खिडक्या दोन महिने उघड्या ठेवल्या. गिलावा खालून काही ठिकाणी सुटला, तो दिवाळीनंतर भिंत पुरती वाळल्यावर नव्याने केला. भिंतीला तडा नव्हता. खर्च झाला तो चुन्याचा आणि मजुरीचा.

परंतु या यशाने कोणी फार हुरळून जाऊ नये, म्हणून उरलेली गोष्टही सांगितली पाहिजे. मामींच्या घरावर आले ते मुख्यतः तुंबलेले, संथ पाणी होते. जेथे प्रवाहाचा जोर थेट भिंतीवर येतो, तेथे दगडाचेही चालत नाही. हैदराबादकरांना २८ सप्टेंबर १९०८ ची मुसा नदी ठाऊक आहे. घरात पुरुषभर पाणी वारंवार येत असेल, तर साहित्य बदलण्यापेक्षा जागा बदलणेच बरे. देशाचा आपत्तीप्रवणतेचा नकाशासंग्रह प्रथम १९९७ साली निघाला. त्यातही घरांचा धोका भिंतीच्या साहित्यावरून मोजला आहे आणि मातीच्या, कच्च्या विटेच्या भिंती सर्वांत वरच्या धोक्यात धरल्या आहेत. पण ते कोष्टक जिल्ह्यागणिक आहे, कारण घर कशाचे, याच्याइतकेच ते कोठे, हेही पाहावे लागते.

शहरांतल्या वाचकांना हे सारे खेड्याचे वाटेल. परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यातल्या घराघरांत शिरले, तेव्हा वाया गेले ते फुगलेले पलंग, भुश्शाची कपाटे आणि तळाशी असलेली विजेची बटणे. गोव्यातील जुन्या चिऱ्यांच्या घरांना उंच जोते आणि चुन्याचा गिलावा का असे, तेही यावरून ध्यानात येईल. आपल्या घरात पाणी कोठवर आले होते, त्याची रेघ पुसून टाकण्यापूर्वी एकदा मोजून ठेवावी. ती घर बांधणाऱ्याला उपयोगी पडते.

मामींनी आपल्या घरातली रेघ पुसलीच नाही. या माघात गेलो होतो, तेव्हा २०२१ ची रेघ चुन्याखालून अस्पष्ट दिसत होती आणि तिच्यावर त्यांनी गेरूने बोटभर पट्टा ओढला होता. पाणी तिथवर येईल असे वाटले की निघायचे, हा त्यांचा स्वतःशी केलेला करार. माळावर मामेभावाने दोन खोल्या बांधल्या आहेत. आषाढापासून भाद्रपदापर्यंत म्हशींसह त्या तिकडे राहतात आणि दसऱ्याला परत येतात. "देवसुद्धा पुरात वर जातात की," त्या म्हणाल्या, "मग मला कसली लाज?"

निघताना त्यांनी पुढच्या दाराशी निरोप दिला. मागचे दार उघडे होते, त्यातून परसातला शेवगा दिसत होता आणि नदीवरचा वारा उंबऱ्यावरून आत येऊन सरळ पलीकडे निघून जात होता.